एसी चालू असताना मिक्सर लावू नये

घाडीगावकरांच्या घरात दरवाज्याच्या वर, गणपतीच्या तसबिरीला खेटून, एक पांढरा डबा आहे. त्या डब्यात एक काळा खटका आहे. घरात विजेचा भार जास्त झाला की हा खटका आपणहून खाली पडतो आणि सगळ्या घरातली वीज जाते. म्हणजे वायरी जळत नाहीत, घर पेटत नाही, माणसं शाबूत राहतात. त्याला एमसीबी म्हणतात. हे ज्ञान चंद्रप्रकाश घाडीगावकरांना निवृत्त होईपर्यंत नव्हतं, आणि नव्हतं तोवर त्यांचं अगदी उत्तम चाललं होतं.

या भानगडीची सुरुवात एसीपासून झाली, आणि एसीची सुरुवात मुलुंडपासून.

मुलगा निलेश बंगळूरला नोकरीला. दर मे महिन्यात बायको श्रुतिका आणि लेक ओवी यांना घेऊन दहिसरला येतो. गेल्या मे महिन्यात आला तेव्हा पहिल्याच दिवशी ओवीच्या मानेवर घामोळं उठलं. श्रुतिका एका शब्दाने काही बोलली नाही. तीच तर पंचाईत. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं. निलेशच म्हणाला, "बाबा, आम्ही मुलुंडला हिच्या आईकडे जातो. तिकडे एसी आहे ना. अधूनमधून येत राहू." अधूनमधून म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी, पायात चपला ठेवून, नमस्कार करायला. घाडीगावकरांच्या पत्नी सुगंधाबाईंनी मुलासाठी आणून ठेवलेल्या सुरमईचं कालवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओरपलं.

मुलुंडचे व्याही स्वभावाने अतिशय सज्जन. त्यामुळे त्यांच्याबद्दल घरात बसून मोकळेपणाने वाईट बोलायचीही सोय नव्हती. त्यांच्या हॉलमध्ये एसी, दोन्ही बेडरूममध्ये एसी, आणि कहर म्हणजे स्वयंपाकघरातही एसी. "स्वयंपाकघरात एसी लावून काय चहा गार करतात काय हे?" असं घाडीगावकर विचारायचे. सुगंधाबाई निलेशच्या खोलीतली घडी न मोडलेली चादर पुन्हा कपाटात ठेवायच्या.

तेव्हा या वर्षी घाडीगावकरांनी ठरवलं. काय वाट्टेल ते होवो, नात इथेच राहणार.

एसी आला. बसवणारे दोन इसम भिंतीला भोक पाडून, सगळ्या घरभर सिमेंटचा धुरळा उडवून आणि "काका, एकदम झकास कूलिंग आहे" असं सांगून निघून गेले. कोकणी माणूस नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाही. सुगंधाबाईंनी एसीला हळदकुंकू लावलं, लांबून, कारण हात पोचत नव्हता. नारळ फोडला. घाडीगावकरांनी रिमोटचं बटण दाबलं. गार वारा आला. घाडीगावकर पलंगावर आडवे झाले आणि मनातल्या मनात मुलुंडला म्हणाले, आता बोला.

तिकडे सुगंधाबाई स्वयंपाकघरात गेल्या. फोडलेला नारळ काय टाकून द्यायचा? त्यांनी तो खवला, मिरच्या आणि धणे घातले आणि संध्याकाळच्या कालवणाचं वाटप करायला मिक्सर सुरू केला.

टक्.

एसी गेला, मिक्सर गेला, पंखा गेला, फ्रिज गेला. ज्या नारळाने एसीची पूजा झाली त्याच नारळाने एसीचा पहिला बळी घेतला. घाडीगावकर स्टुलावर चढले, खटका वर केला आणि खाली उतरले. सुगंधाबाईंनी पुन्हा मिक्सर फिरवला. टक्. घाडीगावकर पुन्हा चढले. असं चालू असताना शेजारचे राजेश पेडणेकर आत आले. यांनी विम्याच्या कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली होती आणि तेव्हापासून ते इमारतीचे पूर्णवेळ, बिनपगारी सल्लागार होते.

"चंदू, स्टुलावर काय करतोस?"

"खटका पडतोय रे."

"पडणारच! सोळा अँपिअरचा आहे तो. जुन्या काळचा. तेव्हा काय, दोन बल्ब आणि एक पंखा. काढून टाक आणि बत्तीसचा टाक. बापजन्मात पडायचा नाही."

"पण वायर जुनीच आहे ना?"

"वायरीला काय होतंय? वायर म्हणजे तांबं. तांबं कधी जुनं होतं का?"

हे इतकं ठाम बोलणं होतं की त्यावर शंका घ्यायची घाडीगावकरांना लाज वाटली. पेडणेकरांचा एक ओळखीचा वायरमन होता. तो तासाभरात आला, जुना खटका काढून घाडीगावकरांच्या हातात दिला आणि बत्तीसचा बसवला. त्या संध्याकाळी एसी, मिक्सर, इस्त्री सगळं एकदम चाललं. पेडणेकरांनी कालवणाची वाटी फुकट नेली आणि वर "मिठाला जरा कमी" असा शेराही मारला.

मग डब्याच्या मागची भिंत तपकिरी व्हायला लागली. आधी सुगंधाबाईंना वाटलं उदबत्तीचा धूर असेल, गणपती शेजारीच आहे. घाडीगावकरांनी हात लावून पाहिला तर भिंत गरम. तरी ते गप्प बसले, कारण वायर म्हणजे तांबं. आणि एका भर दुपारी, सगळी इमारत एसी लावून झोपलेली असताना, घाडीगावकरांनी स्वतःचा एसी सुरू केला आणि खाली मीटर रूममध्ये मोठा फट्ट आवाज झाला. बी विंग पूर्ण बंद.

मीटर रूमला कुलूप. किल्ली सेक्रेटरी धोंडिराम जगतापांकडे. जगताप कुठे आहेत म्हणून शोध सुरू झाला. घरी नाहीत, गच्चीवर नाहीत. तेवढ्यात लिफ्टमधून ठोकल्याचा आवाज आला. जगताप तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेले, आणि मीटर रूमची किल्ली त्यांच्या खिशात. दाराच्या फटीतून त्यांनी ती बाहेर सरकवली. फट इतकी बारीक की किल्ली आली पण रिंग अडकली, आणि रिंगेला जगतापांच्या घराची, तिजोरीची आणि गावच्या घराची अशा सगळ्या किल्ल्या लावलेल्या. जगताप आतून ओरडत होते, "माझी रिंग तोडू नका!" बाहेर सगळे घामाने निथळत होते आणि सगळे घाडीगावकरांकडे बघत होते.

आता खरं सांगायचं तर बी विंगच्या प्रत्येक खिडकीला एसी लटकलेला होता. पेडणेकरांकडे दोन. घाडीगावकरांचा सगळ्यात शेवटी आला एवढाच त्याचा गुन्हा. पण फ्यूज उडाला तेव्हा ज्याचं बटण दाबलं गेलं तो अपराधी, असा आपल्याकडे न्याय आहे. जिन्यातच सभा भरली. लिफ्टमधून सुटून आलेले जगताप शर्ट पिळत म्हणाले, "घाडीगावकर, तुम्ही लोड वाढवून घेतला का?"

"लोड? वाढवायचा असतो?"

"म्हणजे काय! वीज कंपनीकडे अर्ज करायचा, जास्त लोड मंजूर करून घ्यायचा, मग एसी. आणि तो बत्तीसचा खटका आज काढा. इमारत जाळताय काय?"

"मला पेडणेकरांनी सांगितलं..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पेडणेकर अत्यंत गंभीर चेहऱ्याने मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होते. "मी आपलं सहज म्हटलं होतं," ते म्हणाले. "मी काय वायरमन आहे?"

"पण बाकीच्यांनी कुणी वाढवून घेतलाय लोड?" घाडीगावकरांनी विचारलं. यावर सभा बरखास्त झाली.

सोळाचा खटका परत बसला आणि घाडीगावकर वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीत नीलम मॅडम नावाच्या बाई होत्या. अर्ज बघून त्या म्हणाल्या, "विश्राम घाडीगावकर तुम्ही का?"

"नाही, ते माझे वडील."

"मग अर्जावर त्यांची सही आणा."

"ते वारले."

"कधी?"

"तप उलटलं आता."

मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मयत माणसाच्या नावावर वीज वापरताय?"

इतका वेळ ताठ उभे असलेले घाडीगावकर एकदम चोरासारखे झाले. मागच्या रांगेतले दोघं-तिघं पुढे वाकून बघायला लागले. वास्तविक त्यांनी एकदाही बिल थकवलेलं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की मीटरवरचं नाव बदलायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि एकदा आलं तेव्हा त्यांनीच ते झटकून टाकलं होतं. दर महिन्याला दाराच्या फटीतून विश्राम घाडीगावकर या नावाने एक बिल आत येतं. गिरणीतून थकून आलेला बाप दारात चपला काढतोय, असं त्यांना ते बिल उचलताना वाटायचं. हे नीलम मॅडमना कसं सांगणार? त्या म्हणाल्या, "आधी मीटर तुमच्या नावावर करा. मग लोड. आणि त्याच्यासाठी बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. भाऊबहीण आहेत?"

एक भाऊ होता. घाटकोपरला. अनंत.

अनंताने आनंदाने स्वागत केलं. त्याची बायको चेतना हिने सोलकढी दिली, मग कांद्याची भजी दिली. घाडीगावकरांनी कागद काढला आणि घराची हवा बदलली.

"दादा," अनंता म्हणाला, "आज मीटर. उद्या खोली. माका काय कळणा नाय?"

"अरे, मीटर म्हणजे मीटर! बिल कुणाच्या नावाने येतं एवढंच. खोलीचा काय संबंध?"

"मग तुझ्या एकट्याच्या नावार कित्याक? दोघांच्या नावार कर."

"दोघांच्या नावावर मीटर होतं का कधी? ओवी येतेय रे आठ दिवसांत. पोरीला घामोळं येतं. सही कर ना."

अनंताने कागद दादापुढे परत सरकवला. मग म्हणाला, "बाबा त्याच खोलीत धापा टाकीत होते. मे महिन्यात. गिरणीचो कापूस छातीत भरलेलो. तेव्हा तुका एसी सुचलो नाय. आता नातीक घामोळा इला, तर सुचलो."

"आणि तेव्हा तू कुठे होतास? महिन्यातून एकदा यायचास, फळं ठेवायचास आणि निघायचास. रात्री उठून त्यांना उशाला टेकवून कोण बसवत होतं? सुगंधा!"

झालं. सोलकढीचे पेले तसेच राहिले. चेतना मध्ये पडली, तिलाही दोघांनी चार शब्द सुनावले. घाडीगावकर कागद खिशात कोंबून निघाले, दारात वळून "तुझ्या सहीवाचून माझं काही अडत नाही" म्हणाले, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की सगळं तर तिथेच अडलंय. सख्खा भाऊ तोडून ते रिकाम्या हाताने घरी आले, आणि ज्याच्यासाठी तोडला तो एसी भिंतीवर हळदकुंकू लावून गप्प बसलेला.

मग निलेश, श्रुतिका आणि ओवी आले. घाडीगावकरांनी तोवर घराची शिस्त लावून ठेवली होती. एसी चालू असताना मिक्सर लावू नये. इस्त्री लावू नये. गिझर तर नावच नको. फ्रिज सारखा उघडू नये, हा नियम त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढला होता आणि त्याला काही अर्थ नव्हता. सकाळी ते दारातल्या खुर्चीत डब्यावर नजर ठेवून बसायचे. श्रुतिकाने आंघोळीला म्हणून बाथरूमकडे पाऊल टाकलं की ते खोलीकडे बघून ओरडायचे, "एसी बंद!" ती बिचारी म्हणायची, "राहू द्या ना बाबा, मी गार पाण्याने करते." "छे, छे! करा हो तुम्ही गरम. आपल्याकडे सगळी सोय आहे."

एवढं करून खटका पडायचा तो पडायचाच. कधी श्रुतिका केस वाळवायचं यंत्र लावायची, कधी निलेश सवयीने किटली सुरू करायचा. टक्. घाडीगावकर स्टुलाकडे धावायचे. अपमानाने त्यांचे कान लाल व्हायचे. सगळ्या घरात फक्त ओवीला या प्रकाराची मनापासून मजा वाटत होती. वीज गेली की ती टाळ्या पिटत बाहेर यायची. "आजोबा, टक् झालं! टक् झालं!" मग तिला खांद्यावर घेऊन स्टुलावर चढायचं आणि तिने आपल्या बोटाने खटका वर करायचा, असं ठरून गेलं. घर उजळलं की ती विचारायची, "आता परत कधी होणार?" घाडीगावकरांना वाटलं, चला, पोरीला करमतंय. म्हणजे राहील.

आणि राहत होती. खरंच राहत होती. एक दिवस गेला, दुसरा गेला, मुलुंडचं नाव कुणी काढलं नाही. मानेवर घामोळंही नव्हतं. घाडीगावकर जिन्यात पेडणेकरांना मुद्दाम गाठून म्हणाले, "नात आहे रे घरी. जायचं नाव घेत नाही."

पण निलेशला आईच्या हातचं लागतं, आणि मालवणी घरात वाटपाशिवाय पान हलत नाही. सकाळी वाटप, संध्याकाळी वाटप. ओवी दुपारी जेवून एसीत झोपायची, आणि संध्याकाळच्या कालवणाची तयारी नेमकी तेव्हाच. सुगंधाबाईंनी नवऱ्याला काही विचारलं नाही. ओट्याखाली वर्षानुवर्षं उभा करून ठेवलेला पाटा त्यांनी ओढून काढला, वरवंटा धुतला आणि दार लोटून घेऊन जमिनीवर बसल्या. त्यांचा उजवा खांदा धरलेला होता. डॉक्टरने साधी बादली उचलायलाही बंदी केली होती. पण ओवीची झोप मोडायची नाही, एसी बंद करायचा नाही आणि निलेशच्या ताटात मिळमिळीत काही वाढायचं नाही. ह्या तिन्ही गोष्टी एकदम व्हायच्या तर दुसरा रस्ता काय होता?

तिसऱ्या दुपारी निलेश पाणी प्यायला उठला आणि त्याने दार ढकललं. आई घामाने चिंब, डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरलेला, आणि तशीच वरवंटा ओढतेय.

"आई! काय चाललंय हे?"

"काही नाही रे. पाट्यावरचं जास्त चवीचं होतं. तुला आवडतं ना."

"मिक्सर कुठे गेला?"

सुगंधाबाईंची नजर एसीच्या खोलीकडे गेली. निलेश फिरला आणि सरळ दारातल्या खुर्चीपाशी आला. "बाबा, एसी चालावा म्हणून तुम्ही आईला पाट्यावर बसवलंत?"

"मी? मी बसवलं?" घाडीगावकर उभेच राहिले. "मला माहीतसुद्धा नाही! आणि हे सगळं चाललंय कुणासाठी? सोसायटीत तोंड काळं झालं, अनंताशी बोलणं बंद झालं, ते कुणासाठी?"

"तेच म्हणतोय मी. आमच्यासाठी नका करू हे. आम्ही आलो की तुम्हाला धड बसता येत नाही, आई अशी मरते. आम्ही काय पाहुणे आहोत का बाबा?"

श्रुतिका झोपेतून उठून बाहेर आली आणि तिने सासूच्या हातातला वरवंटा काढून घेतला. ती रडत होती. घाडीगावकरांना तिच्या रडण्याचाही राग आला. रडायचं काय आहे यात, वाईट तर आमचं होतंय.

संध्याकाळी बॅगा भरल्या गेल्या. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. निलेशने आईच्या खांद्याला मलम चोळलं, डॉक्टरकडे कधी जायचं ते बजावलं, "तुला जरा आराम मिळू दे" असं म्हणाला. मायेने म्हणाला. गेल्या वर्षी नातीच्या घामोळ्यासाठी गेला होता, या वर्षी आईच्या खांद्यासाठी गेला. पाट्यावरचं ते वाटप तसंच एका डब्यात भरून सुगंधाबाईंनी श्रुतिकाच्या पिशवीत ठेवलं. मुलुंडला मिक्सर, एसी, सगळं एकदम चालतं, पण असं वाटप नसतं.

घर रिकामं झाल्यावर सुगंधाबाई म्हणाल्या, "लावा एसी. आपणच बसू."

घाडीगावकरांनी लावला. दोघं पलंगाच्या दोन कडांना बसले. खोली गार झाली, मग जास्तच गार झाली. सुगंधाबाईंनी पदर अंगाभोवती घेतला. दोघांपुरतं कसलं वाटप आणि कसला गिझर? घरात दुसरं काहीच चालू नव्हतं. घाडीगावकर सवयीने दाराकडे कान लावून बसले होते आणि खटका पडत नव्हता. पहिल्यांदाच हा एसी कुणाच्याही तक्रारीशिवाय, सलग, व्यवस्थित चालला.

मोबाइल वाजला. मुलुंडहून ओवी. मागे पांढरीशुभ्र भिंत आणि त्यावर एसी.

"आजोबा, इकडे टक् होतच नाही!" तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मी किती वेळ वाट बघितली. या आजोबांना येतच नाही टक् करायला."

"थांब हं," घाडीगावकर म्हणाले.

ते उठले, दारात गेले, स्टुलावर चढले. मोबाइल डब्यासमोर धरला आणि आपल्याच बोटाने खटका खाली ओढला.

टक्.

एसी थांबला, घर काळोखात गेलं. पलीकडे ओवी खळाळून हसली, टाळ्या वाजल्या. "झालं! झालं! आजोबा, आता मला वर घ्या!" मग मागून कुणीतरी तिला जेवायला बोलावलं आणि फोन बंद झाला.

काळोखात सुगंधाबाईंचा आवाज आला. "अहो, वर करा ना तो आता."

घाडीगावकर स्टुलावर तसेच उभे होते. एका हाताने त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता आणि दुसरा हात खांद्यापाशी नेला होता, ओवी बसायची तिथे.

"राहू दे," ते म्हणाले. "कुणाला लागतोय उजेड?"